फौजी हा सोंगाड्या नव्हे: माजी सैनिकावर विनोदी सिनेमा लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरज तालुक्यातला एक तरुण लेखक पहिली पटकथा लिहितोय. त्याचा नायक म्हणजे चोवीस वर्षं इन्फन्ट्रीत काढून पेन्शनवर आलेला हवालदार. मेहुण्याच्या नादानं तो मंगल कार्यालय चालवायला घेतो आणि एकामागून एक फजित्या होतात. मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा मित्र हसून लोळले. चुलते स्वतः फौजी. ते अर्ध्यातच उठले, "चांगलं लिवलंयस" म्हणाले आणि रानाकडं निघून गेले. लेखकाला विचारायचंय की चूक कुठं झाली, फौजी माणसावर विनोदी सिनेमा त्याचा मान राखून होऊ शकतो का, धंदा बदलावा का, आणि पडद्यावर वर्दी दाखवायला काही अडचण येते का.

होऊ शकतो, आणि व्हायलाच हवा. मी साताऱ्यात राहून नाटकं आणि पटकथा लिहीत आलोय. हा विषय घेऊन येणारे लेखक मला सारखे भेटतात, आणि बहुतेक सगळे तुमच्याच जागी अडखळतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या पानांत हसू कशाकशावर येतं ते मी पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. हवालदार पाय आपटतो. नवरीला "सावधान" म्हणतो. आचाऱ्याला सॅल्यूट ठोकतो. वऱ्हाडाला "फॉल इन" करतो. प्रत्येक वाक्य छाती फुगवून, ओरडून बोलतो. मित्र हसले कारण त्यांनी फौजी टीव्हीवर पाहिलाय. चुलते हसले नाहीत कारण घरी आलेला फौजी यातलं काहीच करत नाही. उघड्या डोक्यानं सॅल्यूट तर पलटणीतही मारत नाहीत. सावधान उभं राहून "जय हिंद" किंवा "राम राम साहब" म्हणतात. तुमचा हवालदार तिसऱ्याच पानावर बनियनवर सॅल्यूट मारतो. चुलते उठून गेले नंतर, पण मनानं ते तिथंच उठले असणार.

परत आलेली ही माणसं ओरडत नाहीत, उलट कमी बोलतात. त्यांच्यात फौज कुठं उरते ते बारकाईनं बघा. सगळं घर झोपलेलं असताना पहाटे साडेचारला उठून दाढी करून बसलेला माणूस. अंथरुणाची घडी अशी की चादरीची कड कडेला मिळालेली. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. आणि आता त्याच ट्रंकेत शेंगा भरलेल्या. एसटीच्या दारात झुंबड उडाली की बाजूला उभा राहून शेवटी चढणारा आणि पुणे येईपर्यंत उभाच असणारा प्रवासी. खिशातल्या छोट्या वहीत चहाच्या दहा रुपयांचीही नोंद. साडेनऊची वेळ ठरली असेल तर सव्वानऊला पोवई नाक्यावर हजर आणि पावणेअकरापर्यंत तिथंच, कारण "थांब" म्हणून सांगितलंय. यात कुठंही आरडाओरडा नाही, तरी प्रत्येक गोष्टीत विनोदी प्रसंग दडलेला आहे. शिवाय तो प्रसंग बघून फौजी स्वतः हसेल, कारण त्याची बायको रोज हेच त्याला ऐकवते.

आता मुद्द्याचं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्याच मातीत तमाशाही वाढला. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांपासून कवलापूरच्या काळू-बाळूंपर्यंतची परंपरा तुमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, एक सोंगाड्या असतो आणि त्याच्यासमोर एक सरळ माणूस असतो, बहुधा राजा किंवा प्रधान. सोंगाड्या शब्द वाकडा करतो, सरळ माणूस तो सरळच समजून उत्तर देतो आणि त्या उत्तरावर तंबू हसतो. काळू-बाळूंनी हवालदाराच्या वेशात महाराष्ट्र हसवला, कारण त्यांचा हवालदार हाच सोंगाड्या होता. तुमची गफलत इथं आहे. तो गावगाड्यातला हवालदार आणि तुमचा पलटणीतला हवालदार या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. पलटणीतून आलेला माणूस वगातला सरळ माणूस आहे. सोंगाड्याची जागा गावाला द्या, मेहुण्याला द्या, आचाऱ्याला, बँडवाल्याला, वरमाईला द्या. फौजी शब्द जसा ऐकला तसाच खरा धरतो. "पाच मिनिटांत आलो" म्हटलं की तो पाच मिनिटं मोजतो. सगळा सिनेमा या एका गोष्टीवर उभा राहू शकतो. मग फौजीची एकही लकब टिंगलीसाठी वापरावी लागत नाही.

यासाठी त्याला काहीतरी नीट यायला हवं. तुमच्या पानांत तो फक्त "इन्फन्ट्री" आहे. म्हणजे काय? फौजेत प्रत्येकाला ट्रेड असतो. कोणी क्लार्क, कोणी ड्रायव्हर, कोणी सिग्नलचा रेडिओ ऑपरेटर, कोणी नर्सिंग असिस्टंट, कोणी कुक. प्रेक्षकाला वाटतं सगळे बंदूकच चालवतात. लेखकाला तसं वाटून चालणार नाही, कारण नव्या धंद्यातली फजिती आणि यश दोन्ही ट्रेडमधून निघतात. कुकचं उदाहरण घ्या. कंपनीचा लंगर म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांचा स्वयंपाक. त्या हाताला चौघांची भाजी करता येत नाही, मिठाचा अंदाजच येत नाही. असा माणूस घरी बायकोला मदत करायला जातो, हा दहा मिनिटांचा सुंदर प्रसंग आहे, आणि त्यात त्याच्या कामाचा कुठंही अपमान नाही.

तुमच्या गोष्टीसाठी माझी सूचना अशी की त्याला कंपनीचा क्वार्टरमास्टर हवालदार करा, पलटणीच्या भाषेत सीक्यूएमएच. कांबळी, बूट, भांडी, रेशन, लेजर, सगळं त्याच्या सहीनं चालतं. चोवीस वर्षांत एक चमचा कमी पडला तरी त्याला उत्तर द्यावं लागलंय. आता या माणसाला कोरेगाव रस्त्यावरच्या एखाद्या मंगल कार्यालयात नेऊन उभा करा. धंदा बदलू नका, धंदा उत्तम आहे. मंगल कार्यालयात जेवढी वस्तू हलते आणि जेवढी हरवते, तेवढी दुसरीकडं क्वचितच. फौजेत चार्ज देता-घेताना हँडिंग-टेकिंग ओव्हर होतं. दोघं मिळून एकेक वस्तू मोजतात, मग सह्या. हाच तुमचा पहिला मोठा प्रसंग. मी तो असा पाहतो:

जुना मॅनेजर गाडीला किक मारत म्हणतो, "सगळं हितंच हाय. चाव्या खिळ्याला. येऊ का?"

हवालदार वही उघडतो. "वाट्या किती?"

"आं?"

"रजिस्टरला पाचशे हायत. मोजून घेऊ."

"आवं मेजर, लग्नातल्या वाट्या त्या. येतात, जातात."

"जातात कुठं?"

मॅनेजर विचारात पडतो. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नाही. पुढच्या दृश्यात दोघं फरशीवर मांडी घालून बसलेत, मध्ये वाट्यांचे दहा-दहाचे ढीग, बाहेर मॅनेजरची नव्या नोकरीची वेळ टळून चाललीय. बेरीज होते चारशे बारा. हवालदार शांतपणे लिहितो, "अठ्ठ्याऐंशी कमी", आणि सही करायला वही पुढं करतो.

या प्रसंगात कुणी ओरडलेलं नाही, कुणी पाय आपटलेला नाही. हसू येतं ते "येतात, जातात" या आपल्या सगळ्यांच्या सवयीवर. शिवाय गोष्टीला इंजिन मिळालं. अठ्ठ्याऐंशी वाट्या कुठं गेल्या याचा माग काढत तो मालकाच्या पुतण्यापर्यंत पोहोचतो, पुतण्या म्हणजे याला या धंद्यात आणणाऱ्या मेहुण्याचा जिगरी दोस्त. इथून पुढं प्रत्येक लग्नात काहीतरी मोजलं जाईल आणि प्रत्येक मोजणीला कुणीतरी घाबरेल.

पण येत असलेल्या गोष्टी हा अर्धाच भाग झाला. त्याला काय येत नाही? तुमच्या पटकथेत त्याला काहीच येत नाही, म्हणून तो वेडगळ दिसतो. खऱ्या फौजीला एक नेमकी गोष्ट येत नाही, ती म्हणजे भीड घालणं. पलटणीत वरून हुकूम येतो, खाली हुकूम जातो. रुसलेल्या आत्याची समजूत काढ, बँडवाल्याला दोन हजार कमी कर म्हण, तहसील कचेरीत चहा पाजून कागद पुढं सरकव, यासाठी हुकुमाचा उपयोग नाही. तिथं गोड बोलावं लागतं, थोडं खोटं बोलावं लागतं, कमरेत वाकावं लागतं. शत्रूपुढं न वाकलेला माणूस वरमाईपुढं कसा वाकायला शिकतो, हा तुमच्या नायकाचा प्रवास. तो फौज सोडत नाही, एक नवी विद्या शिकतो. सिनेमाच्या सुरुवातीला त्याला "कृपा करून" म्हणता येत नाही आणि शेवटी येतं, एवढा बदल पुरेसा आहे.

घराबद्दल तुमच्या पानांत जवळजवळ काही नाही, आणि मला वाटतं सगळ्यात श्रीमंत खाण तीच आहे. फौजीला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस नैमित्तिक रजा. ती सगळी मिळाली तरी वर्षातले नऊ महिने घर बायको चालवते. मधली एक-दोन वर्षं कुटुंबासाठी सरकारी क्वार्टर मिळालं तर तेवढा सहवास. सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलांची ॲडमिशन, विहिरीची मोटर, सोसायटीचं कर्ज, चुलत्यांशी बांधाचं भांडण, सगळं तिनं एकटीनं निभावलेलं असतं. चाळिशी ओलांडलेला हवालदार ट्रंक घेऊन दारात येतो तेव्हा त्या घरात तो रंगरूट असतो आणि कमांडिंग ऑफिसर ती. हे त्याला कळायला जो वेळ लागतो त्या वेळात विनोद आहे. तो मदत करायला जातो आणि पहिल्याच आठवड्यात मांडणी बदलतो:

"आवं, डबं कुनी हलवलं?"

"मीच. अक्षरावर लावल्यात. ग गूळ, च चहापत्ती, ड डाळ."

"अन् साखर?"

"स. खालच्या फळीवर, मागं."

"मागं, खालच्या फळीवर. अन् माझी कंबर कुठल्या फळीवर ठेवलीसा?"

तो खरंच विचार करतो. दुसऱ्या दिवशी साखर कमरेच्या उंचीला आलेली असते आणि डब्यावर चिठ्ठी, "स (अपवाद)". मला हा माणूस आवडायला लागतो तो या चिठ्ठीपाशी. बायकोला खाष्ट करू नका, आणि "माझा वीर पती" म्हणून पाणावलेल्या डोळ्यांचीही करू नका. ती दमलेली आहे, हुशार आहे, आणि तिला नवरा घरी आल्याचा आनंद आहे तसाच स्वतःचं राज्य वाटून घ्यावं लागतंय याचा रागही. कार्यालयातल्या अडचणींवर तोडगे तिच्याकडून येऊ द्या, कारण भीड घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पटकथा पुढं लिहिण्याआधी चुलत्यांशी बोलण्यापेक्षा काकूंशी बोला. ते परत आले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत घरात काय काय झालं, एवढंच विचारा आणि वही घेऊन बसा.

पैशांबद्दल थोडं. पंधरा वर्षांची नोकरी झाली की जवानाला पेन्शन लागते. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी, फंड, पेन्शनचा विकलेला भाग मिळून मोठी रक्कम एकदम हातात येते, आणि ती बातमी त्याच्याआधी गावात पोहोचलेली असते. मग पाहुणे योजना घेऊन येतात. कुणी प्लॉट, कुणी पोल्ट्री, कुणी दुधाचा धंदा. २०१९ साली सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले, तो काळ तुम्ही पाहिलाय. तुमच्या मेहुण्याच्या तोंडी अशा योजना घाला, एकेक दोन वाक्यांची. मेहुणा लुच्चा नसावा, तो स्वतः प्रत्येक योजनेवर मनापासून विश्वास ठेवणारा असावा. लुच्चा मेहुणा आपण शंभरदा पाहिलाय. दुसरी वाट नोकरीची. सरकारी भरतीत माजी सैनिकांना राज्यात १५ टक्के समांतर आरक्षण आहे, बँकांत जागा असतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. पण प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला येते ती एटीएमच्या किंवा सोसायटीच्या दारातली खुर्ची. चोवीस वर्षं शंभर माणसांचा सामान-सरंजाम सांभाळलेल्या हवालदाराला बारा तास खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहायला लावणं, हे दृश्य सिनेमात एकदा यावं आणि तिथं कुणी हसू नये. विनोदी सिनेमाला असे एक-दोन थांबे लागतात. फक्त तिथं पार्श्वसंगीत वाढवू नका.

नायक तरुण हवा असेल तर दुसरी गोष्टही आहे. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीची साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी "फौजेतून आलेला" मुलगा, ज्याच्या वर्गमित्रांचं अजून शिक्षणच चाललंय. हा विषय साताऱ्याच्या प्रत्येक भरतीपूर्व अकॅडमीच्या मैदानावर आज उभा आहे. पहाटे सोळाशे मीटर पळणाऱ्या पोरांना विचारा. पण ती गोष्ट वेगळ्या जातीची आहे, तिच्यात हवालदाराच्या घरातली बायको नाही. दोन्ही एकात कालवू नका.

आता जे टाळायचं त्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. वरातीत फटाके वाजतात आणि फौजीला युद्ध आठवतं, हे दृश्य काढून टाका. ते इतक्या वेळा झालंय की प्रेक्षक फटाका दिसल्यावरच पुढचं ओळखतो. आणि तुमच्या आराखड्यातला शेवट, ज्यात मंगल कार्यालयात अतिरेकी घुसतात आणि हवालदार त्यांना लोळवतो, तो तर नक्की काढा. टाळ्या पडतील, मान्य. पण पावणेदोन तास तुम्ही सांगितलंत की हा माणूस नवं काम शिकतोय, आणि शेवटी सांगता की त्याची खरी किंमत मारामारीतच. म्हणजे सगळ्या सिनेमावर पाणी. शेवट त्याच्या नव्या कामातूनच सुटला पाहिजे.

कसा, ते एका प्रसंगातून सांगतो. आपल्याकडं मुहूर्त बारा एकतीसचा आणि अक्षता पडतात सव्वाला. पूर्वार्धात हवालदाराचं पहिलं लग्न. त्यानं मिनिटामिनिटाचा तक्ता भिंतीला लावलाय. बारा दहाला वरात मारुतीच्या पारापाशी अडकलीय. नवरदेवाचे दोस्त डीजेपुढं रस्त्यावर लोळून नाचतायत, घोडा कंटाळलाय, भटजी घड्याळ बघतायत. हवालदार जाऊन सांगतो, "एकवीस मिनिटं उरली." पोरं त्यालाच उचलून नाचवतात. तो तक्ता हातात धरून, चेहरा तसाच ठेवून, खांद्यावर बसून राहतो. लग्न एक वीसला लागतं. मालक खूश, "वेळेत झालं की!" हवालदाराला कळत नाही की हा टोमणा आहे का. नाही, मालक खरंच खूश आहे.

उत्तरार्धात तेच गाव, तोच पार, मोठं लग्न, मंडपावर पावसाचे ढग. या वेळी हवालदार फेटा बांधून स्वतः वरातीत शिरतो. पोरांमधला सगळ्यात उंच गडी हेरतो, त्याच्या गळ्यात हात टाकतो आणि नाचायला लागतो. नाच कसला, कदमतालच ती, पण ढोलावर बसलेली. तो एक पाऊल पुढं टाकतो, पोरगं टाकतं. दोन पावलं, चार पावलं. बँडवाला ओळखीचा झालेला, तो चाल धरतो. सगळी वरात एका लयीत झुलत पुढं सरकते आणि कुणालाही कळायच्या आत कार्यालयाच्या दारात येते. बारा पंचवीस. पहिला थेंब पडतो तेव्हा नवरदेव आत. इथं जुनी विद्या नव्या कामात मुरली. त्यानं हुकूम दिला नाही, तो त्यांच्यात मिसळला. हे पाहताना फौजी प्रेक्षकाची मान ताठ होईल आणि पोरं शिट्ट्या मारतील, दोन्ही एकाच वेळी.

आपल्या भागात हा सिनेमा लावताना एक गोष्ट विसरू नका. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, तिथले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. कोणत्याही थिएटरात, कोणत्याही खेळाला रांगेत दोन-चार फौजी घरं बसलेली असणार. म्हणून तपशील चोख हवेत. बाहीवर तीन पट्ट्या हवालदाराच्या, दोन नाईकाच्या, एक लान्स नाईकाची. सुभेदाराला जवान "साहब" म्हणतो, हवालदाराला नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, पुण्याला नव्हे. तुमच्या पानावर पुणे लिहिलंय. खडकीला आहे ते बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणींचं. फौजेची नवी ठिपक्यांची लढाऊ वर्दी १५ जानेवारी २०२२ ला पहिल्यांदा दिसली. तुमचा हवालदार त्याआधी निवृत्त झालेला असेल तर जुन्या फोटोत त्याच्या अंगावर ती असता कामा नये. २६ जानेवारीला तो कोटावर मेडल लावतो ती डाव्या छातीवर. त्याच्या वडिलांची मेडल मुलानं लावली तर उजव्या.

वर्दीच्या परवानगीचं म्हणाल तर संरक्षण मंत्रालयानं २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून सांगितलंय की फौजेवरच्या चित्रपटांना आणि मालिकांना प्रदर्शनाआधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला लावा. तुमचा सिनेमा मंगल कार्यालयात घडतो, तरी पलटणीतली दृश्यं मोठी ठेवलीत तर निर्मात्यानं तो कागद लवकर हलवावा, शेवटच्या महिन्यात नव्हे. माझा सल्ला, पलटण दाखवूच नका. ट्रंक, वही, एक ग्रुप फोटो आणि रात्री पलटणीतल्या दोस्ताचा फोन, एवढ्यात ती सगळी येते. तो दोस्त जिथं असेल तिथल्या वाऱ्याचा आवाज फोनवर ऐकू येऊ द्या. आणि वर्दीतलं एखादं दृश्य घेतलंच तर कपडे सेटवरच बदलायचे, सेटवरच उतरवायचे. वर्दी घालून आपण सैनिक आहोत असं भासवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. नट म्हणून काम करणाऱ्याचा तसा हेतू नसतो, पण वर्दीतला ज्युनिअर आर्टिस्ट हायवेच्या टपरीवर चहाला गेला आणि साताऱ्याच्या माणसानं आदरानं त्याच्या चहाचे पैसे दिले, तर ते बरोबर होणार नाही.

चित्रीकरणाला वाई-मेणवलीचे घाट घेण्याचा मोह होईल. ते घाट हिंदी सिनेमांत इतके दिसलेत की तुमची गोष्ट तिथं परकी वाटेल. कोरेगाव, रहिमतपूर, तासगाव, कुठल्याही रस्त्यावरचं एक चालू कार्यालय घ्या. लग्नसराईत ते मिळणार नाही, म्हणून आषाढ ते कार्तिक धरा, भाडंही उतरलेलं असतं. पण पाऊस आहे, आवाजाचं नियोजन आधी करा. पत्र्याच्या छताखाली पावसात संवाद ध्वनिमुद्रित होत नाहीत. वऱ्हाडी म्हणून आसपासच्या गावांतली माणसं घ्या आणि त्यांना खरी पंगत वाढा. आचारी चांगला ठेवा. मुख्य नट निवडताना विनोदी नट म्हणून नाव असलेला घेऊ नका. जो गंभीर चेहऱ्यानं वाट्या मोजू शकतो आणि तीन पानं चेहऱ्यावर एकही रेघ हलू देत नाही, तो घ्या. विनोदी नटांची गरज मेहुण्याला आणि जुन्या मॅनेजरला आहे.

पुढचा खर्डा करताना आधी फक्त वाट्यांचा आणि साखरेच्या डब्याचा प्रसंग लिहून पाठवा, चार-पाच पानं पुरेत. हवालदाराचं गावातलं बोलणं आणि फोनवर दोस्ताशी होणारं हिंदी-मराठी मिसळीचं बोलणं दोन्ही वेगळ्या ढंगात यायला हवं, ते मला त्यात तपासायचंय.